तपासणीपुरती खोली

शाळेत तिला खेळाच्या बाई म्हणत. नुसतं ‘बाई’ अशी हाक आली तर आवारात चार जणी वळून बघायच्या. ‘खेळाच्या बाई’ म्हटलं की एकटी तीच वळायची, तीही तोंडातली शिट्टी न काढता. वय शेहेचाळीस, केस मानेवर कापलेले, डाव्या गुडघ्याला पट्टा. खांद्यावरच्या कापडी पिशवीत सेफ्टी पिना, केसांची रबरं, चिकटपट्टी आणि मुलींना अचानक लागतं ते सगळं असायचं. त्यात शाळेची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे शिट्टी. आणि तीही मागे हरवली तेव्हा तिने स्वतःच दुसरी आणली होती.

तिची नेमणूक एका वर्षाची असे. वर्ष संपलं की ती संपायची आणि क्लबच्या सेक्रेटरींनी शिफारस केली की पुन्हा सुरू व्हायची. एकाच शाळेत वीस-बावीस वर्षं काढूनही ती दरवर्षी नवीनच असायची. नवरा पूर्वी एका चष्म्याच्या दुकानात होता. मालकाने दुकान विकलं तेव्हापासून तो घरी होता. घरी बसलेला माणूस एक तर घरकाम करायला लागतो, नाही तर बोलायला. हा दोन्ही एकदम करायचा. भाजी चिरता चिरता तो तिच्या शाळेचा कारभार सुधारून द्यायचा. बाई म्हणायची, भाजी जरा बारीक चिरा, शाळेचं मी बघते.

शाळेच्या मागच्या अंगाला क्लबचा हॉल होता. क्लब शाळेचाच, पण कारभार सगळा सरांचा. सर म्हणजे मुलांच्या संघाचे शिक्षक आणि क्लबचे सेक्रेटरीही. हॉलच्या चाव्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असायचा, त्यामुळे सर दिसायच्या आधी ऐकू यायचे. माणूस वाईट नव्हता. कोणाच्या घरी आजारपण असलं की आधी धावून जाणारा, हसतमुख, खांद्यावर थाप मारून बोलणारा. बाईच्या खांद्यावर थाप मारता येत नाही म्हणून तो तिला चहा पाजायचा.

हॉलमध्ये मुलांसाठी कपडे बदलायची खोली होती. भिंतीला खुंट्या, लांब बाक, दोन शॉवर आणि एक मोठा आरसा. ज्यांना मिसरूड फुटायची होती त्यांची त्या आरशासमोर गर्दी असायची. हॉल आठवड्यातले चार दिवस पूर्ण मुलांचा. मुलींना मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ, तीही मुलांचं आवरल्यावर. आणि मुलांचं आवरणं म्हणजे लग्नाच्या पंगतीसारखं, शेवटचा कधी उठेल याचा नेम नाही. मुली तोवर हॉलच्या जिन्याखाली कपडे बदलायच्या. दोघींनी चादर धरायची, तिसरीने बदलायचं, मग पाळी बदलायची. चादर बाईच्या घरची होती. संध्याकाळी शाळेची मुख्य इमारत बंद व्हायची आणि मुलींचं स्वच्छतागृह त्या इमारतीत. त्यामुळे खेळाच्या दिवशी मुली दुपारनंतर पाणी पीत नसत. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मोठ्या मुलींचं बघून लहान शिकत होत्या.

आता खरी गोष्ट अशी की मुलींसाठी खोली होती. मुलींसाठी म्हणून सरकारी अनुदान आलं होतं आणि त्यातून मुलांच्या खोलीला लागूनच ती बांधली होती, बाक आणि शॉवरसकट. बांधून झाली त्याच महिन्यात तिथे जिम्नॅस्टिकच्या गाद्या ‘तात्पुरत्या’ ठेवल्या गेल्या. मग मोडकी टेबल-टेनिसची टेबलं, मुलांच्या संघाच्या बॅगा, वार्षिक कार्यक्रमाच्या खुर्च्या. वर्षातून एकदा तपासणी यायची. तिच्या आदल्या आठवड्यात सगळं सामान ताडपत्रीखाली मागच्या अंगणात जायचं, खोलीला रंग लागायचा, सरांच्या घरून आरसा यायचा, साबणाची नवी वडी, दोन पडदे, दारावर ‘मुलींची खोली’ अशी पाटी. तपासणीच्या दिवशी मुली आत बाकावर बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी सामान परत यायचं. साबणाची वडीसुद्धा सर घेऊन जायचे.

हे सगळं जमवायचं काम बाईचं. मुलींनी काय बोलायचं हेही तीच बसवून घ्यायची: इथे आम्हाला छान वाटतं, सगळं वेळेवर मिळतं, आमच्या बाई आमची काळजी घेतात. हे शेवटचं वाक्य सरांनी घातलेलं होतं. पहिल्या वर्षी तिला वाटलं, एकदा खोली रिकामी झाली की राहील तशीच. दुसऱ्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी. नंतर ती पडद्याच्या कड्या मोजून घ्यायला लागली.

मागच्या वर्षी संघात एक नवी मुलगी आली. बाप घरं रंगवणारा आणि मुलगी वर्गात सगळ्यात उंच, त्यामुळे आल्या आल्या तिचं नाव शिडी पडलं. रंगाऱ्याची शिडी. तिला राग नव्हता. कोणी ‘शिडी, वरचा चेंडू काढ’ म्हटलं की ती खरंच काढून द्यायची. व्हॉलीबॉल तिने कधी हातात धरला नव्हता, पण जाळीजवळ उडी मारली की कोपरापर्यंत हात जाळीच्या वर दिसायचा. बाईने इतक्या वर्षांत शेकडो मुली शिकवल्या. अशी एकच मिळाली. ही मुलगी राज्याच्या संघात जाईल असं तिला वाटलं, आणि हे तिने नवऱ्याला सोडून कोणाला सांगितलं नाही. नवरा म्हणाला, आधी शाळेच्या जिन्याखालून तर बाहेर येऊ दे.

रंगारी पहिल्यांदा भेटायला आला तेव्हाच त्याने एक अट घातली होती. पोरगी खेळू दे, जिंकू दे, हरू दे, पण कपडे चार भिंतींच्या आत बदलले पाहिजेत. बाईने सांगितलं, खोली आहे. आणि योगायोग असा की त्या वर्षी तपासणीआधी खोली रंगवायचं काम त्यालाच मिळालं. त्याने ती फिकट पिवळी रंगवली, स्वतःच्या मर्जीने एक हात जास्त मारला आणि घरी जाऊन पोरीला म्हणाला, तुझ्या खोलीसारखी खोली कोणाकडे नाही. बाई त्याच्याशी खोटं बोलली नव्हती. सामान परत गेलं ते सांगायचं मात्र तिने राहू दिलं. शिडीनेही घरी सांगितलं नाही. सांगितलं तर खेळ बंद, हे तिला कळत होतं.

यंदा तपासणीच्या तोंडावर जिन्याचं प्रकरण झालं. मुली खाली कपडे बदलत असताना मुलांच्या संघातले तिघं-चौघं जिन्याच्या पायऱ्यांमधल्या फटीतून वाकून बघायला लागले. एकाने वरून बाटलीभर पाणी ओतलं. दुसऱ्याच्या हातात फोन होता. त्याने फोटो काढला की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ते न कळणंच जास्त वाईट ठरलं. सरांनी मुलांना रांगेत उभं करून माफी मागायला लावली. मुलं हसू दाबत ‘सॉरी ताई’ म्हणाली, कारण सरांनी तसंच म्हणायला सांगितलं होतं. त्यानंतर दोन मुली यायच्या बंद झाल्या. एकीच्या आईने निरोप पाठवला की तिला आता शिकवणी लावली आहे. दुसरीने निरोपही पाठवला नाही. उरल्या सहा. व्हॉलीबॉलला सहाच लागतात.

गोष्ट कानावर गेली तसा आठवड्याच्या आत रंगारी बाईच्या दारात आला. नखांत रंग, खांद्याला कामाची पिशवी. नवऱ्याने खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. खुर्चीला रंग लागेल म्हणाला. मग बाईकडे बघून म्हणाला, “ताई, मी रंगवलेली खोली मला दाखवा.”

बाई म्हणाली, खोलीला कुलूप असतं.

“कुलूप पोरींसाठी असतं का?”

तिने सगळं सांगून टाकलं. गाद्या, खुर्च्या, तपासणी. ऐकून झाल्यावर रंगारी म्हणाला, म्हणजे मी तो रंग तपासणीला दिला. नवरा स्वयंपाकघरात गेला आणि तिथून त्याच्या सुरीचा आवाज येईना.

“शुक्रवारी तपासणी आहे ना,” रंगारी म्हणाला. “तोवर येऊ दे तिला. शनिवारी मी येईन. खोली पोरींची असली तर ती पुढेही येईल. नसली तर नाही. मी भांडणार नाही, ताई. मला भांडता येत नाही. मी फक्त तिला घेऊन जाईन.”

दुसऱ्या दिवशी बाई सरांकडे गेली. चहा आला. तिने सांगितलं की यंदा तपासणीनंतर खोली तशीच ठेवू, नाही तर संघ मोडेल. सरांनी विचारलं, मुली किती आहेत तुमच्या. ती म्हणाली, सहा.

“आणि माझे मुलगे चाळीस. समजा चाळीस माणसांच्या घरात सहा पाहुणे आले, तर कपाटं कोणासाठी रिकामी कराल?”

“त्या पाहुण्या नाहीत सर. याच शाळेतल्या आहेत.”

“मग घरच्यांनी तर जास्त समजून घ्यायला हवं,” सर म्हणाले, आणि आपलं वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते स्वतःच हसले. मग त्यांनी बिस्किटांची बशी तिच्याकडे सरकवली. तुमचा नेमणुकीचा कागद माझ्याकडेच आहे बरं का, तपासणी नीट पार पडली की लगेच पुढे पाठवतो, असं ते बशी सरकवता सरकवताच म्हणाले. तिने एक बिस्कीट घेतलं. नको म्हणायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

घरी तिने नवऱ्याला विचारलं, यंदा तपासणीला नव्या मॅडम येणार आहेत, त्यांना मी सरळ सांगून टाकलं तर. तो म्हणाला, “सांग की. मग आपण दोघं मिळून भाजी चिरू. ती आणायची कोणी, तेवढं आधी ठरव.” नंतर त्याला स्वतःच्या बोलण्याचं वाईट वाटलं असावं, कारण त्याने न सांगता तिच्या गुडघ्याला शेक दिला. ती त्याच्यावर चिडू शकली नाही. तो खोटं कुठे बोलला होता.

तेव्हा तिला एक वाट सुचली. आपण काही बोलायचं नाही, पण मुलींनाही काही शिकवायचं नाही. दरवर्षी त्या छान बोलतात ते आपण बसवून घेतो म्हणून. यंदा मोकळं सोडलं तर मॅडम विचारतील आणि मुली खरं ते सांगतील. मुलींच्या तोंडून आलं तर सर मुलींना काय करणार, आणि आपल्यालाही काय करणार. आपलं ओझं आपण पोरींच्या डोक्यावर देतोय हे तिला कळत होतं. पण दुसरं कोणतं डोकं तिला दिसत नव्हतं.

तिने सहा जणींना हॉलच्या कोपऱ्यात बसवलं आणि सांगितलं की या वेळी मी तुमच्याकडून काहीच पाठ करून घेणार नाही. मॅडम विचारतील त्याचं मनाला येईल ते उत्तर द्या. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, बाई, तुम्ही रागावलात का. बाई म्हणाली, नाही गं. शिडी बाईचा चेहरा निरखत होती. ‘खरं ते सांगा’ हे तीन शब्द बाईच्या जिभेवर आले होते. ते बोलले तर पुढे कोणीतरी म्हणेल, बाईंनी शिकवलं. म्हणून तिने ते गिळले.

शुक्रवारी खोली नवरीसारखी सजली. पडदे, पाटी, आरसा, साबण. तपासणीच्या मॅडम वेगळ्याच निघाल्या. दरवर्षीचे साहेब मुलींनी पाठ वाक्यं म्हटली की दारातूनच मान हलवून चहाकडे वळायचे. या आत आल्या, बाकावर मुलींच्या शेजारी बसल्या, शॉवर सोडून बघितला. पाणी आलं. सरांना त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. बाई दारात उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी ऐकायला आलं होतं.

मॅडम शिडीला म्हणाल्या, “घाबरू नकोस. तुम्ही रोज इथेच कपडे बदलता?”

शिडीने बाईकडे बघितलं. मग पाठ ताठ करून स्वच्छ आवाजात म्हणाली, “हो मॅडम. आधी आम्ही जिन्याखाली बदलायचो. आमच्या बाई सगळ्यांशी भांडल्या आणि त्यांनी आम्हाला ही खोली मिळवून दिली.”

बाकीच्या पाच जणींनी माना हलवल्या. एक म्हणाली, बाई आमच्यासाठी खूप करतात. दुसरी म्हणाली, बाई गेल्या तर आम्ही खेळणारच नाही. शिकवलेलं कधी इतकं सुरेख कोणी बोललं नव्हतं. सरांचा चहा नेणाऱ्या शिपायाने मुलींना सांगितलं होतं की बाईंचा कागद सरांच्या खणात अडकलाय आणि या वेळी काही वेडंवाकडं झालं तर बाई गेल्या. मग मुलींनी शिडीच्या घरी जमून सगळं ठरवलं होतं. बाईंनी काही शिकवलं नाही, म्हणजे बाईंनी आशा सोडली आहे, असा त्यांनी अर्थ लावला होता.

मॅडम बाईकडे वळल्या. “खरं का हो?”

सर्व्हिस आत पडली की शिडी आधी शिट्टीकडे बघायची. तशीच ती आत्ता बाईकडे बघत होती. नाही म्हणावं तर या पोरीला सगळ्यांसमोर खोटं ठरवायचं. आणि कागद खणात. यातलं कोणतं कारण मोठं, हे बाईने स्वतःला विचारलं नाही. विचारायला वेळच मिळाला नाही, तोवर तिच्या तोंडून ‘हो’ गेलं होतं.

मॅडमनी उठून तिचा हात हातात घेतला. तुमच्यासारख्या बाया आहेत म्हणून, एवढंच म्हणाल्या आणि वाक्य अर्धंच सोडलं. त्या गेल्यावर मुलींनी बाईला घेरलं. बरोबर बोललो ना, बाई? कुठे अडखळलो नाही ना? शिडी मागे उभी राहून हसत होती. बाईने एकेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. बोलायला गेली असती तर रडली असती, आणि मुलींना वाटलं असतं की आनंदाने.

शनिवारी सकाळी बाई सगळ्यांच्या आधी खोलीत जाऊन बाकावर बसली. आपण नेमकं काय करणार आहोत हे तिने ठरवलं नव्हतं; एवढंच ठरवलं होतं की उठायचं नाही. मुलांच्या संघातली मुलं गाद्या घेऊन आली, तिला बघून दारात थबकली आणि सरांकडे गेली. सर आले नाहीत. त्यांनी मुलांना सांगून पाठवलं की बाई बसल्या असतील तर बसू द्या, त्यांना त्रास देऊ नका, बाजूने ठेवा. तशी मुलांनी बाजूने ठेवायला सुरुवात केली. गाद्या भिंतीला लागल्या. टेबलं आली. एक मुलगा अगदी अदबीने म्हणाला, “बाई, जरा पाय.”

तिने पाय वर घेतले. घेतल्यावर तिच्या लक्षात आलं. तोवर तिच्या पायांच्या जागी खुर्च्यांची चळत उभी राहिली होती. मग ती पाय पोटाशी घेऊन तशीच बसून राहिली, दोन्ही अंगांना गाद्या, समोर खुर्च्या, आणि मुलं येताना-जाताना ‘सॉरी बाई’ म्हणत राहिली.

रंगारी मुलीला घेऊन आला तेव्हा दारातून आत पाऊल टाकायला जागा नव्हती. त्याने सगळं बघितलं. टेबलाच्या कोपऱ्याने भिंतीवर ओरखडा काढला होता, त्यावरून त्याने अंगठा फिरवला, सवयीने, किती खोल गेलाय ते बघत. शिडी रडवेली होऊन म्हणाली, “बाबा, बाईंची काही चूक नाही. मॅडमना आम्ही छान सांगितलं. बाईंनी काहीच शिकवलं नव्हतं.”

“तेच तर,” तो म्हणाला. मग खुर्च्यांवरून आत वाकून बाईला हात दिला. “ताई, तुम्ही तरी बाहेर या.”

ती त्याचा हात धरून खुर्च्या ओलांडत बाहेर आली. गुडघा दुखला. शिडीने बूट, पट्टे आणि संघाचा टी-शर्ट घडी करून तिच्याकडे दिला. बाई म्हणाली, टी-शर्ट ठेव गं तुझ्याकडे. शिडीने बापाकडे बघितलं. बापाने मान हलवली नाही आणि नकारही दिला नाही. तिने टी-शर्ट बाईच्या हातात ठेवला आणि दोघं आवारातून निघून गेली. बाप पुढे, मुलगी मागे. फाटकापाशी ती त्याच्यापेक्षा उंच दिसत होती.

मंगळवारी पाच जणी आल्या. बाईने त्यांना जागा लावून दिल्या आणि चेंडू काढला. तेवढ्यात चाव्या वाजल्या. सर खुशीत होते. मॅडमचा अहवाल उत्तम आला होता. त्यांनी नेमणुकीचा कागद बाईच्या हातात दिला, अभिनंदन म्हणाले आणि तिथेच, त्याच आवाजात म्हणाले की पाच जणींचा संघ काही होत नाही, तेव्हा पुढच्या आठवड्यापासून मंगळवार-शुक्रवार मुलांना घेऊ या का, उगाच हॉल रिकामा कशाला.

“सहावी मी आहे,” बाई म्हणाली.

सर मनापासून हसले. “मग आठवीत नाव घालू का तुमचं?” मुलीही हसल्या, कारण त्यांना वाटलं बाई गंमत करतायत. सर म्हणाले, आजचा तास घ्या खेळून, आणि गेले.

बाईने कागद पिशवीवर ठेवला. पाचही जणी आपापल्या जागी उभ्या होत्या. पुढच्या रांगेतली मधली जागा मोकळी होती आणि ती भरायला कोणीच सरकलं नव्हतं. बाई जाऊन त्या जागेवर उभी राहिली, पट्टा घट्ट केला आणि मागच्या मुलीला सर्व्हिस टाकायला सांगितलं. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून, जाळीवरून पलीकडे गेला, जमिनीवर आपटला आणि भिंतीपर्यंत घरंगळत गेला. पलीकडे कोणीच नव्हतं.